नाल काढण्याआधी गव्हाणीत बघा

"घोड्याचे नाल काढून टाकू का?" असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते, "त्याला खायला काय घालता?" विचारणारा बहुतेक वेळा गोंधळतो. प्रश्न पायाचा आणि ही पोटाचं काय विचारते? स्वारीचा घोडा बिननाल ठेवावा की नाही, हा वाद कित्येक वर्षं लोखंडाभोवतीच फिरतोय. एक बाजू म्हणते, नाल म्हणजे अत्याचार. दुसरी म्हणते, बिननाल घोडा म्हणजे मालकाच्या हट्टापायी घोड्याला शिक्षा. दोघंही खुराकडे बघतात आणि गव्हाणीकडे पाठ करून उभे राहतात. चारही नाल उपटायला नालबंदाला अर्धा तास पुरतो. त्या अर्ध्या तासाची तयारी मात्र कित्येक महिने आधी खाण्यापासून सुरू करावी लागते. ती केली तर पुष्कळ घोडे नालाशिवाय उत्तम काम करतात. ती न करता नुसते खिळे उपटले तर घोडा लंगडतो, आणि मग "बघा, आमच्या घोड्याला नालाशिवाय जमतच नाही" असा निष्कर्ष निघतो.

माझ्या घोडीचे नाल मी पहिल्यांदा काढले तेव्हा मीसुद्धा गव्हाणीत डोकावले नव्हते. दोन वेळा काकवी लावलेली चंदी (म्हणजे दाण्याचा खुराक), दिवसभर हिरव्यागार कुरणात चरणं, मानेवर चरबीची कमान. ती कमान मला देखणी वाटायची. नाल निघाल्यावर मऊ मातीवर ती बरी चालली. खडीवर आली की मात्र निखाऱ्यावर पाय पडल्यासारखी उचलून टाकायची. "होईल सवय, सगळ्यांचंच असं होतं," असं मला सांगण्यात आलं आणि मी ते ऐकलं. दहा आठवडे ऐकलं. त्या दहा आठवड्यांचं मला आजही वाईट वाटतं. शेवटी पशुवैद्यांनी माझी बोटं धरून खुराच्या वरच्या सांध्यामागे ठेवली आणि तिथे ठणकणारी नाडी मला जाणवून दिली. रक्त तपासलं, इन्शुलिन चढलेलं निघालं. सौम्य लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतल्या पापुद्र्यांचा आजार, होता. तो नाल असतानाही होता. नालामुळे तळवा जमिनीपासून उचललेला राहत होता, म्हणून दुखणं दिसत नव्हतं, एवढंच.

हे नीट कळायला खुराच्या आत काय आहे ते डोळ्यांसमोर आणावं लागतं. घोड्याच्या पायाचं शेवटचं हाड खुरात तळव्यावर टेकून उभं नसतं. खुराच्या भिंतीला ते आतून असंख्य पापुद्र्यांनी जोडलेलं असतं. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफावीत तसे हाडाकडचे आणि भिंतीकडचे पापुद्रे एकमेकांत बसलेले असतात. एका खुरात साधारण ५५० ते ६०० मुख्य पापुद्रे असतात, आणि त्या प्रत्येकाला आणखी शे-दोनशे बारीक पापुद्रे. पाचशे किलोचा घोडा अडथळ्यावरून उडी मारून एका पायावर उतरतो, तेव्हा तो सगळा भार या गुंफणीवर येतो. लॅमिनायटिसमध्ये ही गुंफण सैल होते. एकदम सैल झाली तर हाड फिरतं, खाली सरकतं, आणि घोड्याला उभं राहवत नाही. तो प्रकार सगळ्यांना दिसतो. पण ती महिनोन्‌महिने थोडी थोडी सैल होत राहिली तर कुणाच्या लक्षातही येत नाही. तळव्याच्या कडेची पांढरी रेघ रुंदावते, खुराची भिंत पुढे पसरत जाते, तिच्या कडेचे टवके उडतात, तळवा सपाट आणि पातळ होतो. मग लोक म्हणतात, या घोड्याचे पाय जातीचेच नाजूक. मग त्याला नाल ठोकतात.

गुंफण सैल का होते, याचं एक मोठं कारण आता पक्कं माहीत आहे. २००७ साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी निरोगी तट्टांच्या रक्तात इन्शुलिनची पातळी सलग दोन-तीन दिवस खूप चढी ठेवली आणि रक्तातली साखर मात्र नेहमीइतकीच राखली. ज्यांना इन्शुलिन दिलं त्या सगळ्या तट्टांना लॅमिनायटिस झाला. ती तट्टं लठ्ठ नव्हती, आजारी नव्हती. नुसत्या इन्शुलिनने खुरातली गुंफण उसवली. घोड्याचं इन्शुलिन चढवतं कोण? खाण्यातली साखर आणि स्टार्च. इथंच घोडं पेंड खातं, आणि या वादात तर ते शब्दशः खातं.

म्हणून घोडा बिननाल ठेवायचा असेल तर सुरुवात वैरणीपासून. घोड्याचं पोट दिवसभर थोडं थोडं, भरपूर तंतू असलेलं गवत चघळण्यासाठी घडलेलं आहे. त्याच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के सुकी वैरण रोज, म्हणजे पाचशे किलोच्या घोड्याला साडेसात ते दहा किलो. ती काट्यावर वजन करून द्यायला हवी. हाताच्या अंदाजाने टाकलेल्या पेंढीत दोन-तीन किलोंचा फरक सहज पडतो. वैरणीची प्रयोगशाळेत तपासणी करून घेता आली तर साखर आणि स्टार्च मिळून किती टक्के आहे ते बघावं. इन्शुलिनचा त्रास असलेल्या घोड्यासाठी हा आकडा दहा-बारा टक्क्यांच्या आत ठेवायला सांगतात. तपासणी करता येत नसेल तर वैरण तासभर थंड पाण्यात भिजवून ते पाणी फेकून द्यावं, काही साखर त्यात निघून जाते. किती जाते ते गवतागणिक बदलतं, त्यामुळे भिजवलेली वैरण म्हणजे हमखास सुरक्षित वैरण असं धरून चालू नये.

आणि चंदी? माझ्या मते बहुतेक स्वारीच्या घोड्यांना ती लागतच नाही. आठवड्यातून चार दिवस तासभर रपेट करणारा घोडा म्हणजे शर्यतीचा घोडा नव्हे. त्याला आपण दाणा घालतो तो त्याच्या गरजेपोटी कमी आणि आपल्या प्रेमापोटी जास्त. बादलीचा आवाज ऐकून त्याने खिंकाळावं, हे आपल्याला हवं असतं. मलाही हवं असायचं. पण एका वेळी जास्त दाणा पोटात गेला की लहान आतड्यात न पचलेला स्टार्च मागच्या मोठ्या आतड्यात उतरतो, तिथे झपाट्याने आंबतो, आणि तिथलं जिवाणूंचं सगळं गणित बिघडतं. जोराचं काम करणाऱ्या घोड्याला जास्त ऊर्जा लागते हे खरं. ती तेलातून, साखर काढलेल्या बीटच्या चोथ्यातून, चांगल्या वैरणीतून पुष्कळ प्रमाणात देता येते.

कुरणाचं प्रकरण याहून फसवं आहे, कारण हिरवं गवत म्हटलं की आपल्याला सगळं नैसर्गिक आणि म्हणून निर्धोक वाटतं. गवत दिवसभर उन्हात साखर तयार करतं आणि रात्री वाढीसाठी ती वापरतं. त्यामुळे दुपार उलटताना गवतात साखर सगळ्यात जास्त असते आणि पहाटे सगळ्यात कमी. रात्री कडाक्याची थंडी पडली तर गवताची वाढ थांबते, साखर वापरली जात नाही, आणि दुसऱ्या सकाळीही ती तशीच असते. चरून चरून जमिनीला टेकलेलं, पाण्यावाचून तडफडणारं गवत बघून वाटतं, यात काय आहे? त्यात बऱ्याचदा भरपूर साखर असते. लॅमिनायटिसकडे झुकणाऱ्या घोड्याला अशा कुरणात मोकळं सोडणं म्हणजे त्याला दिवसभर मिठाईच्या कोठारात बांधून ठेवणं आहे. चरण्याची वेळ बदलावी, तोंडाला चराईची जाळी बांधावी, किंवा कुरणाच्या कडेकडेने अरुंद वाट आखून गवत मर्यादित आणि चालणं जास्त अशी व्यवस्था करावी.

साखर कमी केली म्हणजे अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं खनिजांचं. खूर केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनतो. केराटिनच्या धाग्यांना एकमेकांशी बांधणारे गंधकाचे बंध तयार व्हायला तांबं लागतं, आणि खुराच्या पेशी नीट घडायला जस्त. पाचशे किलोच्या, हलकं काम करणाऱ्या घोड्याची रोजची किमान गरज साधारण १०० मिलिग्रॅम तांबं आणि ४०० मिलिग्रॅम जस्त अशी मानतात. वैरणीत लोह बहुधा गरजेपेक्षा कितीतरी जास्त असतं आणि ही दोन खनिजं कमी. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तरीही बाजारात खुरासाठी म्हणून जे विकलं जातं त्यात लोह घातलेलं पुष्कळदा दिसतं. डबा घेण्याआधी त्याची मागची बाजू वाचावी.

बायोटिन या जीवनसत्त्वाबद्दल लोक फार विचारतात. व्हिएन्नातल्या स्पॅनिश रायडिंग स्कूलच्या लिपिझानर जातीच्या घोड्यांवर झालेला, १९९५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास अजूनही आधाराला घेतला जातो. रोज २० मिलिग्रॅम बायोटिन दिल्यावर खुरांत सुधारणा दिसली, पण ती दिसायला नऊ महिने लागले. आजच्या जमान्यात नऊ महिने कुणाला थांबवत नाही. सगळ्यांना पी हळद आणि हो गोरी असा उपाय हवा असतो. खुराची भिंत महिन्याला सहा ते दहा मिलिमीटर वाढते. केसांच्या रेषेपासून खाली चवड्यापर्यंत नवा खूर उतरायला नऊ महिने ते वर्ष जातं. त्याला घाई करता येत नाही. आणि घाईने सगळीच खनिजं ओतू नयेत. सेलेनियम गरजेला अगदी थोडं लागतं, थोडं जास्त झालं तर विष ठरतं, आणि ते विष आयाळ-शेपटीचे केस गळून आणि खूर फाटून दिसतं. म्हणजे खूर सुधारायला दिलेली वस्तूच खूर फाडते.

खुराची वाढ सावकाश असली तरी ती वाचता येते, आणि मला त्यातच सगळ्यात जास्त आनंद मिळतो. खाणं बदलल्यावर तीनेक महिन्यांनी घोडीच्या खुरावर केसांखालचा वरचा दोन बोटं भाग वेगळ्याच कोनात उतरताना दिसू लागला. अधिक उभा, अधिक घट्ट, वळ्या नसलेला. त्याखाली जुना पसरलेला खूर तसाच. मधली सीमारेषा इतकी स्पष्ट होती की तारीख सांगता आली असती. खुरावरच्या वळ्या म्हणजे गेल्या वर्षाची नोंदवही असते. पुढे जवळजवळ आणि टाचेकडे फाकत गेलेल्या वळ्या दिसल्या तर त्या घोड्याने लॅमिनायटिस सोसलाय असं समजावं, मालकाला कधी कळलं असो वा नसो.

"घोडा का अडला?" या जुन्या कोड्याचं उत्तर आपल्या सगळ्यांना पाठ आहे: न फिरवल्यामुळे. खुराच्या बाबतीत ते अक्षरशः खरं. मध्य ऑस्ट्रेलियातल्या रानटी घोड्यांच्या हालचाली मोजल्या तेव्हा ते दिवसाला सरासरी सोळाएक किलोमीटर चालतात असं दिसलं. तबेल्यातला घोडा तेवीस तास चार भिंतींत उभा असतो आणि एक तास आपल्या खोगिराखाली असतो. खुराच्या मागच्या भागात टाचेच्या आत एक उशीसारखी गादी असते आणि तळव्यावर रबरासारखा त्रिकोण असतो, नालबंद ज्याला फ्रॉग म्हणतात. अमेरिकेत मिशिगन स्टेट विद्यापीठात रॉबर्ट बोकर यांनी खुरांचं विच्छेदन करून दाखवलं की मागचा हा भाग सगळ्या घोड्यांत सारखा नसतो. काहींत तो दाट, कूर्चेने भरलेला असतो, काहींत नुसता मऊ आणि चरबीसारखा. त्यांच्या मते, तो भाग जमिनीला टेकून वापरला गेला तर बळकट होतो. वापर नसेल तर टाचा आक्रसतात, फ्रॉगच्या खोबणीत ओल साचते, कुजून घाण वास येऊ लागतो. कमजोर टाचेचा घोडा मग चवड्यावर उतरून चालतो. फोनवर संथ गतीत चित्रण करून बघा. मागच्या भागावर किंवा सपाट उतरणारा पाय हवा, चवड्यावर उतरणारा नको.

छाटणीबद्दल थोडक्यात सांगते. चार ते सहा आठवड्यांनी, थोडी थोडी. भिंतीची कड कानशीने गोल करावी म्हणजे टवके उडत नाहीत. तळवा कोरून सुंदर वाटी करायचा मोह आवरावा, कारण पातळ तळव्याच्या घोड्याचं तेच एकमेव संरक्षण असतं. आणि उत्तम छाटणी म्हणजे वाईट खाण्यावरचा उतारा नव्हे. असं मानणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

बिननाल चळवळीतल्या माझ्या मित्रमंडळींना एक गोष्ट आवडणार नाही, तरी सांगते. रानातला घोडा म्हणजे आदर्श खूर, हे गृहीत धरणं सोडायला हवं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या रानटी घोड्यांचे खूर तपासले तेव्हा त्यांतही भरपूर दोष सापडले, जुन्या लॅमिनायटिसच्या खुणाही सापडल्या. निसर्ग सगळ्यांना बरं करत नाही. आणि नाल काढल्यावरचं दुखणं म्हणजे शरीरातली घाण बाहेर पडतेय, काही महिने सोसावं लागतं, ही समजूत मला सगळ्यात जास्त खटकते. नवी जमीन थोडी बोचणं वेगळं, ते एक-दोन आठवड्यांत उतरतं. पण जो घोडा सपाट जमिनीवर आखडून चालतो, ज्याच्या पायात नाडी ठणकते, तो घोडा दुखणं सांगतोय. त्याला खूरबूट घाला, पशुवैद्यांना बोलवा, गव्हाण तपासा, गरज पडली तर नाल परत ठोका. आपलं तत्त्व टिकावं म्हणून त्याने वेदना सोसायची, हा व्यवहार त्याने कबूल केलेला नाही.

तितक्याच स्पष्टपणे नालाच्या बाजूलाही सांगायला हवं. "हजार वर्षं घोड्यांना नाल ठोकतात ते उगाच का?" हा युक्तिवाद फार दूर जात नाही. त्याही आधी कित्येक शतकं घोडदळं नालाशिवाय लढली. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ग्रीक सेनानी झेनोफनने लिहून ठेवलंय की घोडा बांधायच्या जागी मुठीत मावतील असे गोटे पसरावेत, त्यांवर उभं राहून आणि पाय आपटून खूर कठीण होतात. वर्तमानातलं उदाहरण हवं असेल तर २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकचं घ्या. स्वीडनच्या पेडर फ्रेड्रिकसनचा ऑल इन आणि हेन्रिक फॉन एकरमानचा किंग एडवर्ड हे दोन घोडे बिननाल उड्या मारून गेले. स्वीडनला सांघिक सुवर्ण मिळालं, फ्रेड्रिकसनला वैयक्तिक रौप्य. यावरून सगळ्या घोड्यांचे नाल काढावेत असं ठरत नाही. स्पर्धेचं मैदान मऊ, निवडलेलं असतं, आणि त्या घोड्यांमागे तज्ज्ञांचा ताफा असतो. पण जोरकस कामाला नाल लागतोच, हे विधान मात्र तिथे संपलं.

नाल कधी हवा? खूर झिजण्याचा वेग वाढीपेक्षा जास्त असेल तेव्हा. ओल्या, निसरड्या उतारावर पकड हवी असेल आणि नालाला खुंट्या लावाव्या लागत असतील तेव्हा. हाड मोडलं असेल, खुराचा तुकडा गेला असेल, उपचार म्हणून आधार द्यायचा असेल तेव्हा. नाल हे औषध आहे, चांगलं औषध आहे, आणि कुशल नालबंद ते उत्तम देतो. औषध द्यायचं तर कारण लिहून द्यावं, मुदत ठरवावी, मुदत संपल्यावर पुन्हा तपासावं. नाल मात्र घोडा तीन-चार वर्षांचा झाला, पाठीवर खोगीर चढलं की आपोआप ठोकला जातो आणि जन्मभर राहतो, कुणी विचारतही नाही का ते. माझा विरोध आहे तो या न विचारण्याला.

आणि हा प्रश्न एकेकट्या मालकाच्या हौसेवर सोडण्यासारखा नाही. पागेत भाड्याने घोडा ठेवणाऱ्या माणसाच्या हातात खाण्यातलं जवळजवळ काहीच नसतं. सगळ्यांना एकाच मापाने चंदी पडते, सगळे एकाच वेळी कुरणात जातात, मोकळं सोडण्याचे तास पागेच्या सोयीने ठरतात. पशुवैद्य आजार बघतो, नालबंद पाय बघतो, मोतद्दार बादली भरतो, आणि या तिघांचं एकमेकांशी बोलणं होत नाही. नियमही असेच तुटक. ब्रिटनमध्ये १९७५ च्या कायद्याने नाल ठोकण्यासाठी नोंदणीकृत नालबंदच लागतो, पण नुसती छाटणी कुणीही करू शकतं. म्हणजे बिननाल घोड्याचा खूर कुणाच्या हातात द्यायचा याला कायद्याचं काहीच बंधन नाही. जिथे जिथे घोडे पाळले जातात तिथे छाटणी करणाऱ्यालाही प्रशिक्षण आणि जबाबदारी असावी, असं मला ठामपणे वाटतं, आणि बिननाल बाजूने ही मागणी सगळ्यात मोठ्याने करायला हवी. पागांनी प्रत्येक घोड्याची वैरण वजन करून द्यावी, खुरांची छायाचित्रं दर छाटणीला काढून ठेवावीत, चंदी हा पर्याय असावा, रिवाज नसावा. छाटणीचं काम नाल ठोकण्याइतकंच कौशल्याचं आहे, म्हणून त्याचे पैसेही तसेच मोजावेत. नाहीतर नालबंदाने बिननाल घोड्यावर वेळ का घालवावा?

माझ्या घोडीला पूर्ण नवा खूर उतरायला अकरा महिने लागले. मानेवरची कमान गेली, तळव्याला थोडी खोली आली, पांढरी रेघ बारीक झाली. मातीवर, गवतावर, डांबरी रस्त्यावर ती आता बिनबोभाट दुडकी चालते. ठेचलेल्या दगडांच्या खडीवर अजूनही पुढचे पाय जपून टाकते, कदाचित कायम टाकेल. म्हणून पुढच्या पायांचे बूट माझ्या खोगिराशेजारी टांगलेले असतात. खडी लागली की मी उतरते, एकेक पाय उचलून बूट चढवते, आणि मग आम्ही पुढे जातो.